जुन्या सोन्याच्या वाट्या

माझी मुलगी चाकणच्या एका कंपनीत धूर मोजते. तिच्या हुद्द्याचं नाव लांबलचक आहे, पण काम एवढंच, की कंपनीमुळे हवेत किती कार्बन जातो ते मोजायचं आणि तो कमी करून दाखवायचा. दोनेक वर्षांपूर्वी एका रविवारी तिने आमच्या पिंपळे सौदागरच्या दुकानाकडे मोर्चा वळवला. सोनारानेच कान टोचावे लागतात म्हणतात. इथे सोनाराचेच टोचले जात होते.

मी तयारीत होतो. शोकेसमधले जुने दिवे काढून एलईडी लावले होते, छतावर सोलर बसवलं होतं, भोसरीच्या आमच्या कारखान्यात गॅसची भट्टी जाऊन विजेची आली होती. त्या भट्टीने मला पुरेसा ताप दिला होता. तिथे दुरुस्तीसाठी लाइट जायची ती गुरुवारी, आणि लोकांना सोनं हवं असतं ते गुरुपुष्याला, म्हणजे गुरुवारीच. एवढं सोसून मी शाबासकीची वाट बघत होतो. मुलगी म्हणाली, बाबा, हे सगळं मिळून चिमूटभर आहे. खरा भार खाणीत आहे. एका अंगठीपुरतं सोनं काढायला ढिगाने दगड फोडावा लागतो, त्याला डिझेल लागतं, वीज लागते. नवं सोनं घेणं बंद करा आणि मोडीवर धंदा करा.

मोड म्हणजे गिऱ्हाइकांनी आणून दिलेले जुने दागिने. ते वितळवून, शुद्ध करून पुन्हा वापरणं आमच्या धंद्यात नवं नाही. फक्त त्याबद्दल कुणी बोलत नाही. लोकांना मोड द्यायला चालते, घ्यायला नको असते. कुणाच्या अंगावरचं असेल, कुठल्या घरातलं असेल, अशा शंका असतात, आणि मंगळसूत्राच्या वाट्या म्हटल्यावर तर फारच. पूर्वी कुणी विचारलंच तर मी बेधडक 'नवंकोरं सोनं आहे' म्हणून मोकळा व्हायचो.

महिनाभर मी मुलीशी भांडलो. शेवटी ऐकलं, आणि काउंटरमागे पाटी लावली, की आमचे दागिने जुन्या सोन्यातून घडतात. धंदा बसेल असं वाटलं होतं, तो बसला नाही. मोठ्या सोसायट्यांतली आयटीवाली मंडळी पाटी वाचून खूश व्हायची, तिचे फोटो काढायची. जुन्या गावातल्या बायका तेवढ्या नाक मुरडायच्या. त्यांना मी ऐकवायचो, सोनं एकदा वितळलं की त्याला ना गोत्र राहतं ना सुतक. हे वाक्य मला फार आवडायचं. दिवसातून दोनदा तरी म्हणायचो.

गेल्या उन्हाळ्यात पिंपळे गुरवच्या एक मावशी आल्या. तिथलंच जुनं शेतकरी घर, जमिनीवर आता इमारती उभ्या आहेत. नवरा जाऊन दोन महिने झाले होते. त्यांनी रुमालाची गाठ सोडून मंगळसूत्राच्या दोन वाट्या काउंटरवर ठेवल्या. सुनेला त्या दिल्या तर ती हात लावेना, म्हणाल्या. त्या मोडून बदल्यात नातवाला चेन करायची होती. मी वजन करत असताना त्यांनी विचारलं, "आता कुनाच्या गळ्यात जाईल हे?"

मी माझं आवडतं वाक्य म्हणालो. त्या थोडा वेळ पाटीकडे बघत बसल्या, मग चेनचा नमुना निवडून गेल्या.

त्याच महिन्यात मुलीचं लग्न ठरलं. तिने सांगितलं, माझ्या वाट्या मोडीतूनच घडवायच्या. मी जोरात हो म्हणालो. व्याह्यांनाही अभिमानाने सांगून टाकलं. मग भोसरीला न्यायच्या मोडीची पुडी तिजोरीतून काढली, तर सगळ्यात वर मावशींच्या वाट्या होत्या. मला भीती वाटली. जावयाचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि त्या पुडीला हात लावावासा वाटेना. पुडीतून त्या दोन वाट्या बाजूला काढून उरलेलं सोनं घेता आलं असतं, पण एकदा मन असं उलटलं की त्याला सगळीच पुडी तशी दिसते. लोका सांगे ब्रह्मज्ञान. मी सोन्याचं नवं बिस्कीट मागवलं, कारागिराला म्हणालो, हे वेगळं ठेव, मुलीचं आहे. मुलीला सांगितलं, वाट्या मोडीतल्या आहेत. मावशींच्या वाट्या बाकीच्या मोडीत वितळल्या आणि लोकांच्या मुलींच्या दागिन्यांत गेल्या. त्या मुलींना माझं वाक्य लागू होतं.

लग्नानंतर एका रविवारी मुलगी दुकानात बसली होती. नातवाच्या चेनची कडी निसटली म्हणून मावशी आल्या. मी कडी बसवत होतो, त्या दोघी बोलत होत्या. आपल्या वाट्या इथेच मोडल्या, हे मावशींनी तिला सांगितलं. कधी, म्हणून तिने विचारलं आणि महिना ऐकून तिचा चेहरा खुलला. स्वतःचं मंगळसूत्र पुढे धरून म्हणाली, "मावशी, मग यात तुमचंही थोडं सोनं असणार."

मावशींनी पदराला हात पुसला. तरी लगेच हात लावला नाही; आधी तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली तेव्हा एक बोट वाटीवर ठेवलं. म्हणाल्या, "मंजी माझं वाया न्हाई गेलं." आणि माझ्याकडे वळून, "व्हय ना, शेट?"

मी व्हय म्हणालो. चेन दिली, कडीचे पैसे नकोत म्हणालो. त्या गेल्या.

मला इतकी लाज वाटत होती, की मुलीला सगळं तिथल्या तिथे सांगून टाकलं. ती कार्बनवर काही बोलली नाही. खोटं का बोललात, असंही विचारलं नाही. मंगळसूत्र हातात धरून बसली. मग तिने शांतपणे विचारलं, "हे तुम्ही त्यांच्यासमोर सांगू शकाल का बाबा?"

नंतर दिवाळीत तिने मंगळसूत्र माझ्यापुढे ठेवलं आणि मोडीतल्या नव्या वाट्या करून घेतल्या. या खेपेला पुडी भोसरीला ती स्वतः घेऊन गेली. कारागिराच्या शेजारी उभं राहून तिने सोनं वितळताना पाहिलं. तिच्यापुरता प्रश्न मिटला.

मावशींचं घर मला माहीत आहे. दुकानातून स्कूटरवर दहा मिनिटं लागतात. मी अजून गेलेलो नाही.