सहाव्या वर्षी मिसरूड

सहा वर्षांच्या माझ्या पोराला मिसरूड फुटलं होतं, आवाज घोगरा झाला होता, म्हणून त्याला डॉक्टरकडे नेलं. बाहेर बाकड्यांवर गर्दी, मधे नुसता पडदा. डॉक्टरनं पोराला हातही लावला नाही. बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "एकच खोलीमा झोपतस तुम्ही. पोऱ्या बठ्ठं देखस. मंग लवकरच मोठा व्हई ना." नवराबायकोचं रात्रीचं सगळं पोरगं बघतं, म्हणे.

तेवढ्यात पोरगा खदाखदा हसला. उगाच हसायची त्याला खोडच होती. डॉक्टर म्हणाला, बघा, सगळं समजतं त्याला. पडद्यापलीकडचे लोकही हसले. मी मान खाली घालून निघाले.

हा डॉक्टर धुळ्याकडचा. आमचा. इथं गुजराती मुलखात, आम्ही राहतो त्या गोडादऱ्यात दुसरे दवाखाने आहेत, पण दुखणं अहिराणीत सांगता येतं म्हणून आम्ही त्याच्याकडेच जायचो. त्याच बोलीत त्यानं मला चारचौघांत नागडं केलं. परक्यानं केलं असतं तर शिवी हासडून विसरले असते.

घरी येऊन खोलीत मधोमध साडी बांधली. नवरा लाजेनं कारखान्यातच झोपू लागला. आम्ही दोघं चोरासारखे एकमेकांची नजर चुकवायचो. पोरगं वाढतच होतं, हसतच होतं.

एकदा हसता हसता त्याचे डोळे थिजले. मग रडत म्हणाला, "मम्मी, माले हासनं नव्हतं."

मी ती साडी ओढून काढली. पोराला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई गुजराती. त्यांनी पोराला नीट तपासलं आणि विचारलं, हा कारण नसताना हसतो का? मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मेंदूचा फोटो काढला. आत जन्मापासूनची गाठ. कॅन्सर नाही, पण अकाली वाढ तिच्यामुळेच, आणि ते हसणं म्हणजे फिटचे झटके. आता वाढ थांबवायची इंजेक्शनं चालू आहेत. पण हाडं आधीच वयाच्या पुढे गेलीत, त्यांची वाढ लवकर संपेल. आज वर्गात सगळ्यांत उंच असलेला माझा पोरगा बुटका राहू शकतो. लवकर आणायला हवं होतं, असं त्या म्हणाल्या. मला फार राग आला, त्यांचा नाही.

तशीच त्या डॉक्टरकडे गेले. भरल्या बाकड्यांसमोर उभी राहून म्हटलं, "पोऱ्याना डोकामा गाठ व्हती. हात लाईसन देखं नही तुम्हीन."

तो पडदा सारून हळूच म्हणाला, बहीण, आत ये, आत बोलू.

मी आत गेले नाही. तिथं एक बाई पोरीला घेऊन बसली होती. तिला सांगितलं, यानं हात लावून तपासलं नाही तर उठ, मी तुला मोठ्या दवाखान्यात नेते. आता जिचं पोर अवेळी वाढतंय त्या प्रत्येकीला हेच सांगणार. आपल्या बोलीत बोलतो म्हणून कुणाला आपला म्हणणार नाही.