उन्हात वाकलेली तबकडी

गाण्याच्या ज्या तबकडीसाठी मी सोलापूरचा जुना बाजार पालथा घातला, ती मी तुळजापुरात देवीच्या दाराशी उन्हात ठेवली आणि ती पापडासारखी वाकली. यात दुसऱ्या कुणाचाही हात नव्हता. चपला मी प्रसादाच्या दुकानात ठेवल्या होत्या. तबकडीही तिथंच ठेवता आली असती, दुकानदारानं हात पुढं केलाही होता. पण गाणं चपलांच्या शेजारी ठेवायचं हे मनाला पटेना. म्हणून मी ती पायऱ्यांच्या कडेला एका उंच कट्ट्यावर सावलीत ठेवली, तिला नमस्कारही केला आणि दर्शनाला उतरलो. परत आलो तेव्हा सावली आपल्या वाटेनं निघून गेली होती. मी शाळेत भूगोल शिकवत असे.

ही निजामी जाऊन नवी राजवट अंगवळणी पडत होती त्या काळातली गोष्ट. मी परंड्याला शाळामास्तर होतो. दत्तोपंत कोर्टातल्या नोकरीतून नुकतेच मोकळे झाले होते आणि त्यांच्याकडं चावीचा ग्रामोफोन होता. दर शनिवारी दिवेलागणीला त्यांच्या ओसरीवर आम्ही जमायचो: दत्तोपंत, मी, बाजारात शिवणकाम करणारे कादरमियाँ आणि दत्तोपंतांची एकुलती एक लेक कुसुम. तिची आई ती लहान असतानाच गेली होती. बापानं तिला वाढवलं ते भाकरीइतकंच गाण्यावर.

तबकडीची एक बाजू संपली की दुसरी लावायच्या आधी प्रत्येकानं काहीतरी बोलायचं असा आमचा रिवाज होता. तो कुसुमनं घातला, आणि माझ्यामुळं घातला. एकदा मी मोठ्या खात्रीनं तोडी म्हणून मान डोलावत होतो. तिनं तबकडीवरची चिठ्ठी दिव्याजवळ नेऊन वाचली तर तिथं वेगळाच राग छापलेला. ती इतकी हसली की तिला उचकी लागली. "मास्तरकाका, आता यापुढं रागाचं नाव घ्यायचं न्हाय," ती म्हणाली. "काय दिसलं तेवढं सांगायचं." तेव्हापासून आम्ही दिसलेलं सांगू लागलो. कादरमियाँना बहुधा कापड दिसायचं, एका तानेला ते म्हणाले होते, "मलमल है, पर किनार कच्ची." मी लांबलचक काहीतरी सांगत बसायचो, नदी, डोंगर, सगळा भूगोल. दत्तोपंत शेवटी एखादंच वाक्य बोलायचे आणि ते ऐकून आम्हाला तीच तबकडी पुन्हा लावावीशी वाटायची.

लग्नाआधी कुसुम धाराशिवला मावशीकडं गेली होती. तिथं शेजारच्या घरात तिनं एका गाणाऱ्या बाईंची तबकडी ऐकली. बाई तेव्हा हयातही नव्हत्या. परत आल्यावर ती दत्तोपंतांना सांगत होती, "बाबा, एकच सूर लावून त्या थांबल्या, आणि मला वाटलं, घरात कुणी नसताना दिवा जळतोय." ती तबकडी आम्ही पुष्कळ शोधली. मिळाली नाही. मग तिचं लग्न झालं आणि ती भूमला सासरी गेली.

पहिलं बाळंतपण. तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी कुणाला न सांगता तुळजाभवानीला बोललो होतो: पोरीला सुखरूप सोडव, मी पायी येऊन ओटी भरीन. मुलगी झाली. कुसुम तापात गेली.

दत्तोपंत रडले नाहीत. भूमहून परत आले, ग्रामोफोनवर धोतराचं पान टाकलं आणि बोलणं बंद केलं. विचारलं तर मान हलवायचे, तेवढंच. शनिवारी आम्ही जायचो, बसायचो, उठून यायचो. भूमहून विहीणबाईंचे निरोपांवर निरोप येत होते: आजोबा आल्याशिवाय पोरीचं बारसं करणार नाही, नाव त्यांनीच सांगायचं. महिने गेले. पोर उपडी पडायला लागली आणि तिला अजून नाव नव्हतं. घरात तिला नुसतं "बाळी" म्हणत. दत्तोपंत त्या निरोपाला मानसुद्धा हलवायचे नाहीत. कादरमियाँ मला बाजारात एका बाजूला घेऊन म्हणाले, "गुरुजी, रोए बगैर ग़म उतरता नै. ये आदमी हाथ से जारा." मला तेवढ्यावरून त्या तबकडीची आठवण झाली. ती ऐकून ते रडतील, रडले तर बोलतील, बोलले तर भूमला जातील, असा हिशेब मी मांडला. माझे हिशेब असेच असतात.

सोलापुरात तबकडी मिळाली. परतताना मी मुद्दाम तुळजापूरला उतरलो. हात जोडायला नाही, खरं सांगायचं तर भांडायला. गाभाऱ्यासमोर उभा राहून मी मनात म्हणालो, मी पायी येणार होतो, तू मला मोटारीनं यायला लावलंस. आता निदान एवढं तरी कर. हे गाणं त्या बापापर्यंत धड पोचू दे. पुजाऱ्यांनी मला पुढं सरकवलं. बाहेर आलो आणि कट्ट्यावर ते काळं, चकचकीत, वाकडं पाहिलं. देवीवर माझा त्या दिवसापर्यंत निम्मा विश्वास होता. तो मी तिथंच ठेवून निघालो.

धाराशिवच्या गाडीत मी तबकडी मांडीवर घेऊन बसलो होतो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. शेजारी एक दांडगी, थोराड शेतकरीण बसली होती, कपाळावर मळवट, मांडीवर गाठोडं. ती बराच वेळ बघत होती.

"काय झालं वो मास्तर?" मी मास्तर आहे हे तिला कसं कळलं देव जाणे, टोपीवरून कळलं असेल.

"गाण्याची तबकडी आहे. वाकली."

"तबकडीपायी बाप्या मानूस रडतंय व्हय?"

मग मी तिला सांगितलं. कुसुमचं, दत्तोपंतांचं, भूमच्या त्या बिननावाच्या पोरीचं, सगळं. माझं संपल्यावर तिनं गाठोडं सोडलं आणि आतून दोन कोरे पोळपाट काढले. "दोगी लेकींला घेतल्यात," ती म्हणाली. "एकीलाच दिला तर दुसरी रुसती. आना हिकडं." तबकडी अजून गरम होती. तिनं ती दोन पोळपाटांच्या मधे भाकरीसारखी घातली. वरच्या पोळपाटाचे पाय वर आले, म्हणून त्यांवर गाठोडं ठेवलं आणि गाठोड्यावर स्वतः बसली. तिचं डोकं जवळजवळ गाडीच्या टपाला लागलं.

मी म्हणालो, "अहो मावशी, पोळपाटावर बसायचं म्हणजे..."

"पाप लागलं तर मला लागंल. तुमी गप बसा."

कंडक्टर आला. "मावशे, नीट खाली बस की."

"खाली गाणारी बाई हाय," ती म्हणाली. सगळी गाडी हसली, मीही हसलो. कुसुम गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसलो हे मला हसून झाल्यावर कळलं, आणि मग पुन्हा पाणी आलं. ती बाई धाराशिवपर्यंत तशीच बसून होती. खड्डा आला की एका हातानं वरचा दांडा धरायची, दुसऱ्या हातानं गाठोडं दाबायची. उतरताना तिनं तबकडी माझ्या हातात दिली, पोळपाट पदरानं पुसले आणि म्हणाली, "म्हाताऱ्याला म्हनावं, पोरीचं तोंड बघ. म्या पन एक नात अशीच वाढीवली." एवढं बोलून ती गर्दीत शिरली. तिचं नाव-गाव विचारायचं राहिलं. आभार मानायचेही राहिले.

तबकडी बरीच सपाट झाली होती, पण पूर्ण नाही. एका बाजूला उठाव राहिला होता. परंड्याला पोचलो तो शनिवार होता. मी दत्तोपंतांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी नकाराची मान हलवली असती. धोतराचं पान काढलं, चावी दिली, नवी सुई लावली. दत्तोपंत भिंतीकडं तोंड करून बसले होते. कादरमियाँ डोळे मिटून ऐकायला बसले.

गाणं सुरू झालं. तबकडी फिरताना सुई उठावावर चढत होती, उतरत होती, आणि तिच्याबरोबर बाईंचा आवाज हेलकावत होता. ज्या एका सुरासाठी ही तबकडी शोधली, तो सूर आला. कुसुमनं सांगितलेला स्थिर दिवा कुठंच नव्हता. सूर वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर. मी सुई उचलायला हात पुढं केला. कादरमियाँनी डोळे न उघडता माझं मनगट धरलं. "नक्को. चलने देव."

बाजू संपली. सुई शेवटच्या रेघेत खरखरत राहिली, ती मी उचलली. कुणीतरी बोलायला हवं होतं. रिवाजाप्रमाणं पहिली पाळी माझी. मला काही दिसलं नव्हतं. माझी चूक तेवढी दिसत होती. मग भिंतीकडं तोंड करून बसलेले दत्तोपंत बोलले. इतके महिने न वापरलेला आवाज, त्यात धूळ बसल्यासारखा.

"पाळण्याची दोरी ओढत गातेय ही बाई."

कादरमियाँनी डोळे उघडले.

"कुसूची आई अशीच गायची. दोरी ओढली की आवाज वर यायचा. सोडली की खाली." त्यांनी तोंड आमच्याकडं वळवलं. "बाळंतपण झाल्यावर कुसूला पाळण्यापाशी बसायलाच मिळालं नाही."

आणि ते रडले. अशा रडण्याचं वर्णन करू नये. मी उठून आत गेलो आणि उगीच पाण्याचा तांब्या शोधत बसलो, समोरच असताना. बाहेर आलो तेव्हा दत्तोपंतांचं डोकं कादरमियाँच्या खांद्यावर होतं आणि कादरमियाँ त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, कापडाची सुरकुती काढावी तसा. मला तबकडीची हकिगत सांगायची होती, क्षमा मागायची होती. मी तोंड उघडलं तर कादरमियाँनी नुसती मान हलवली. दुसरी बाजू आम्ही लावली नाही. ती आजवर कुणी लावलेली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं दत्तोपंत भूमला निघाले. मला बरोबर चला म्हणाले.

पुष्कळांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, चमत्कार झाला. मी तो शब्द वापरत नाही. चमत्कार करायचाच होता तर तो आधी करायला हवा होता, कुसुम तापात होती तेव्हा. ते माझं भांडण अजून मिटलेलं नाही आणि दर वर्षी मी देवीपुढं उभा राहून ते पुन्हा काढतो. पण एक फरक पडलाय. आता मी भांडतो, पण मागत नाही. मी मागितलं होतं की गाणं धड पोचू दे. ते धड पोचलं असतं तर आम्ही एक सुंदर सूर ऐकून उठलो असतो, आणि दत्तोपंत भिंतीकडंच बघत राहिले असते. काय सरळ हवं आणि काय वाकडं, हे मला कळत नाही. ज्याला कळतं त्याच्या हातात ते सोडावं, आणि मिळेल त्याबद्दल डोकं टेकावं, एवढंच मी शिकलो. फार उशिरा शिकलो. कुसुम असती तर तिला उचकी लागेपर्यंत हसली असती.

भूमला विहीणबाईंनी पोर दत्तोपंतांच्या मांडीवर दिली. ती त्यांच्या नाकाकडं बघत राहिली. मग त्यांनी पोरीच्या आत्याला जवळ बोलावून नाव सांगितलं: यमुना. कुसुमच्या आईचं नाव. आत्यानं पोरीला पाळण्यात घालून ते वाकून तिच्या कानात सांगितलं. बायकांनी घुगऱ्या वाटल्या, डोळे पुसले, स्वयंपाकघरात गेल्या. दत्तोपंत पाळण्याची दोरी धरून बसले, ओढत होते, सोडत होते. गात नव्हते. त्यांचे ओठ हलत होते, इतकंच.

मी शेजारी बसलो होतो. मन भरून आलं होतं आणि माझं मन भरलं की तोंड चालू होतं. मी त्यांना तुळजापूर सांगायला लागलो: तो कट्टा, ते ऊन, गाडीतली ती बाई, आणि हे सगळं त्या भवानीआईनंच कसं घडवून आणलं, आपण माणसं कशी निमित्तमात्र. बोलता बोलता माझा आवाज चढला असावा.

दत्तोपंतांनी दोरी थांबवली नाही, माझ्याकडं बघितलंही नाही.

"मास्तर," ते म्हणाले, "देवीनं तिचं काम केलं. आता तुम्ही तोंड मिटा, पोर जागी होतीय."