माझी पट्टी, रेश्माचा आवाज

“रेश्मा, तू नुसते ओठ हलव.”

हे वाक्य माझंच. कुंडलजवळच्या एका हायस्कूलमध्ये मी संगीत शिकवते. समूहगीत स्पर्धेसाठी आठवीच्या बारा मुली निवडल्या होत्या. अकरा जणी वर जात होत्या आणि रेश्माचा आवाज खालीच राहत होता. घोगरा, जाड. मुली हसायला लागल्या. स्पर्धेला महिनाही उरला नव्हता, म्हणून मी सोपा उपाय केला.

पंधरा दिवसांनी तिची आई शाळेत आली. हे कुटुंब जतकडचं. मेंढरं घेऊन इकडे यायचं, आता इथेच वस्ती करून राहिलेलं.

“आवं बाई, पोरगी घरात बी बोलंना झालीया,” ती म्हणाली. “आधी दिसभर तोंड चालायचं हिचं. आता इचारलं तर म्हनती, माझा आवाज वंगाळ हाय.”

ऐकताना एक गोष्ट कानाला जाणवली. आईचा आवाजही तसाच, खोल आणि भरीव.

“तुम्ही काही गाता का?”

“गानं कसलं वो! पाळण्याचं येतंय तेवढं.”

“म्हणा की.”

ती लाजली, तिने पदर तोंडाला लावला आणि पाळणा म्हटला. सूर पक्का होता. मी पेटीवर तिचा सा शोधला. सापडला काळी तीनवर.

इथे थोडं समजावून सांगते. आपण ज्या उंचीवरून गाणं सुरू करतो तिला पट्टी म्हणतात. पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून तिचं नाव पडतं. मी गाणं बसवलं होतं काळी पाचवर, म्हणजे बरंच वर. कारण माझा गळा तिथे चालतो. रेश्माचा तिथे चालत नव्हता, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सगळ्या मुलींसमोर मी रेश्माला म्हटलं, “चूक माझी होती, तुझी नाही. आज काळी तीनवर म्हणून बघ.”

तिने आधी पायाकडे पाहिलं. मग विचारलं, “बाई, मोठ्यानं म्हनू?”

“मोठ्यानं.”

पहिली ओळ तिने म्हटली. मग तिच्या शेजारची प्राची ओरडली, “लय भारी गं!” मी ती ओळ तिला एकटीलाच दिली. बाकीच्या अकरा जणींनाही खालची पट्टी सोपी गेली. वर जाताना त्याही ताणत होत्या, फक्त सांगत नव्हत्या.

हेडमास्तरांना हे कळलं.

“मॅडम, स्पर्धा आठ दिवसांवर आलीय आणि आता पट्टी बदलताय?”

“सर, ती पट्टी माझी होती, मुलींची नव्हती.”

“बक्षीस गेलं तर?”

“तर माझ्यामुळे गेलं म्हणा.”

स्पर्धा सांगलीत होती. हॉल भरलेला. मी पेटी पुढे ओढली. रेश्माने माझ्याकडे वळून पाहिलं आणि मान हलवली, ‘करा सुरू’ अशी. पहिली ओळ शेवटच्या रांगेपर्यंत गेली. तिथे तिची आई बसली होती.

पहिला नंबर फलटणच्या एका शाळेला मिळाला, आमचा दुसरा. परतीच्या गाडीत मुलींनी इतका दंगा केला की ड्रायव्हरने दोनदा गाडी थांबवली. सगळ्यात मोठा आवाज कुणाचा होता, ते सांगायला नको.

पुढच्या आठवड्यात गणिताचे सर स्टाफरूममध्ये म्हणाले, “तुमच्या गायिकेनं आज मला तीनदा थांबवलं. ‘सर, हे परत सांगा.’”

“मग?”

“मग काय! तिसऱ्यांदा सांगताना फळ्यावरची माझीच चूक मला सापडली.”

आता दर जूनमध्ये मी प्रत्येक मुलाला एकेकटं गायला लावते आणि त्याची पट्टी वहीत लिहून ठेवते. एका वर्गाला दोन तास लागतात. नुसते ओठ हलवायला सांगायला दोन सेकंद लागतात, पण ते निस्तरायला फार वेळ जातो.