कुंकू आणि कॉम्प्युटर

रामनगरच्या कॉम्प्युटर क्लासात मी केर काढायची, चहा करायची. खंडेनवमीला मी मशीनना हळदकुंकू लावलं. सुट्टीनंतर मुलांचा एकही प्रोग्रॅम चालेना. पडद्यावर फाइल सापडत नाही, एवढंच येई. कुंकू आत गेलं, हे मी चौथीच्या शिक्षणावर ताडलं. आता नोकरी जाणार.

दुरुस्तीला बेळगावहून एक माणूस आला. त्याचं नाव मी विचारलं नाही; परक्याशी बोलताना माझी जीभ टाळ्याला चिकटते. चपला काढून तो खुर्चीवरच मांडी घालून बसला. बशीतला चहा नुसता फुंकत राहिला, प्यायला विसरला.

क्लास चालवणारे सर बाहेर जाताच मी कशीबशी म्हणाले, "सायेब, कुंकू मी लावलं. नोकरी जाईल माझी."

तो हसला नाही. "अक्का, तुम्ही सुप्याकडच्या?"

"व्हय. गाव धरणात गेलं, मग हितं आलो."

"मग तुम्हाला कळंल. सगळ्या प्रोग्रॅमना लागणाऱ्या सामाईक फायली हायत, फक्त घर बदललंय त्यांनी. हे खुळं मशीन जुन्या गावातच हाका मारतंय."

त्यानं नवा पत्ता लिहिला आणि प्रोग्रॅम चालला.

सर आले. "काय झालं होतं?"

"कुणीतरी फायली हलवल्या."

सरांचा चेहरा पडला. सुट्टीत मशीनमध्ये जागा करायला त्यांनीच हलवल्या होत्या. तो गेल्यावर ते हळूच म्हणाले, "बाई, बाहेर बोलू नका हं."

मीही मोठ्या मनानं मान हलवली.