काकूंचा इंजिनियर

अन्न, वस्त्र आणि निवारा या माणसाच्या मूलभूत गरजा आहेत असं मी शाळेत शिकलो होतो. बँकेनं जबलपूरला बदली केली, गढा या तिथल्या जुन्या वस्तीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि मग कळलं की चौथी गरज राहूनच गेली होती, ती म्हणजे दुसऱ्याचं मत. माझ्या घरमालकीणबाई, म्हणजे काकू, यांच्या बाबतीत तर ती पहिल्या तिन्हींच्या आधी येत असे. मी हातात बॅग घेऊन जिना चढत होतो तेव्हा त्यांनी पायरीवरच मला थांबवून, कठड्याला हिरवा रंग बरा दिसेल की तपकिरी, असं विचारलं. नवा भाडेकरू म्हणून मी नम्रपणे दोन्ही चांगले आहेत असं म्हणालो. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी बॅग खाली ठेवली, कठड्याकडे दोन मिनिटं नीट पाहिलं आणि हिरवा म्हणालो. आठ दिवसांनी कठडा तपकिरी झाला.

हीच त्यांची रीत होती. वीज खात्यात तीस वर्षं त्यांनी लोकांच्या तक्रारी नोंदवून घेण्याचं काम केलं होतं आणि निवृत्त झाल्यावरही लोकांचं ऐकून घेण्याची सवय सुटली नव्हती. बडा फुहारा बाजारातल्या ओळखीच्या दुकानातून त्या तीन लुगडी पसंतीसाठी घरी आणायच्या, बाहेरच्या खाटेवर पसरायच्या आणि दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत प्रत्येकाला थांबवून विचारायच्या. मग जे कोणालाच आवडलं नाही ते ठेवून घ्यायच्या. पण विचारल्याशिवाय नाही. शिवाय नुसतं मत देऊन सुटका नव्हती, त्याला कारण लागायचं. एकदा त्यांनी वाटीभर पाटवडीची भाजी वर पाठवली आणि मागोमाग स्वतः आल्या. मी बरी झाली आहे असं म्हणालो. त्या म्हणाल्या, "बरी म्हणजे काय, भाऊ? ताप उतरला की बरं वाटते. भाजीचं बोला." तेव्हापासून मी चव घेताना शब्द जुळवायला शिकलो. बँकेत आमचे मॅनेजर माझ्या टिपणांची तारीफ करू लागले त्याचं श्रेय काकूंच्या भाज्यांना आहे.

या काकूंना, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, अंतराळाचा नाद होता. अंतराळातल्या मोहिमांवरची एक परदेशी चित्रपटमालिका होती. तिचे तीन भाग हिंदीत डब होऊन आले होते आणि काकूंनी ते थिएटरात आणि नंतर टीव्हीवर मिळून किती वेळा पाहिले याचा हिशोब कोणाकडे नव्हता. त्या यानाच्या खोल्या त्यांना गढ्यातल्या गल्ल्यांइतक्या पाठ होत्या. नायकाच्या बंदुकीत वगैरे त्यांना रस नसे. चाळीस माणसं यानात आहेत तर ओले कपडे कुठे वाळत घालतात, कॅप्टन तिन्ही भागांत एकदाही जेवताना काहून दिसत नाही, असे त्यांचे प्रश्न असत. जीव होता तो यानाच्या इंजिनियरवर. हा इंजिनियर कमी बोलायचा, सतत काहीतरी दुरुस्त करायचा आणि तिसऱ्या भागाच्या शेवटी, ग्रह फुटायला आलेला असताना, खालच्या तळावर अडकायचा. कॅप्टन दार वाजवायचा, ते उघडायचं नाही, आणि चाळीस प्रवाशांना घेऊन यान निघून जायचं. पडद्यावर तो मेल्याचं दाखवलं नव्हतं. पुढचा भाग काही निघाला नाही. काकू चार वर्षं त्याच्यासाठी थांबल्या होत्या.

आणि मग चित्रपटाऐवजी एक कादंबरी आली. ही बातमी आणली काकूंच्या पुतणीनं. ती कॉलेजसाठी काकूंकडे राहायची, मराठी सगळं समजायची आणि उत्तर हिंदीत द्यायची. पुस्तक मागवण्याआधी काकूंनी अर्थातच मतं मागवली. पुतणी मोबाईलवरून वाचणाऱ्यांचे अभिप्राय एकेक करून सांगू लागली आणि काकू कणीक मळता मळता ऐकू लागल्या. कोणी पाच तारे दिले होते, कोणी एक. एकाला रात्रभर पुस्तक खाली ठेवता आलं नव्हतं. एकाच्या मते हा कॅप्टन चित्रपटातला कॅप्टनच नव्हता, फार बोलत होता. एकजण चिडला होता की पहिली शंभर पानं नुसती यंत्रदुरुस्ती आहे. एकीनं लिहिलं होतं की जुन्या मित्रांच्या घरी परत गेल्यासारखं वाटलं. शेवटी पुतणीनं एक अभिप्राय वाचला की मेलेल्या माणसाला असं परत आणायचं होतं तर तिसऱ्या भागाला आम्ही कशाला रडलो, आणि मग तिनं जीभ चावली. काकूंचे हात कणकेत थांबले. "म्हणजे आहे तो," त्या म्हणाल्या. पुस्तक त्याच दिवशी मागवलं गेलं.

पुस्तक इंग्रजी आणि चांगलं जाडजूड होतं. इंग्रजी वाचून मराठीत सांगणारा माणूस घरात एकच होता. रोज संध्याकाळी बँकेतून आलो की खालच्या ओट्यावर माझ्यासाठी चहा आणि पुस्तक दोन्ही तयार असे. मी एक परिच्छेद मनात वाचायचा आणि मराठीत सांगायचा. श्रोते तीन होते. काकू, पुतणी आणि समोरचे किराणावाले भैया. त्यांनी मालिकेचे चित्रपट पाहिले होते आणि गिऱ्हाईक नसलं की ते दुकानावर नजर ठेवून ओट्यावर येऊन बसत. यानात शिरताना एक खोली लागते, तिचं बाहेरचं दार बंद झाल्याशिवाय आतलं उघडत नाही, हे मी घाम गाळून समजावत होतो तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, "देवडी म्हणा ना." पुढचं सगळं पुस्तक देवडीनंच गेलं.

आमच्या ओट्यावरही इंटरनेटसारखीच फूट पडली. भैयांचं म्हणणं, किताब में दम नहीं है, दोन प्रकरणं झाली आणि एकही मारामारी नाही. पुतणीला कॅप्टन आवडेनासा झाला. मला स्वतःला लेखक जरा पाल्हाळिक वाटत होता, पण कारण विचारलं जाईल म्हणून मी गप्प होतो. ज्या शंभर पानांना जगभरच्या वाचकांनी नावं ठेवली होती त्या पानांवर काकू मात्र खूश होत्या. ग्रह शेवटी फुटलेलाच नाही, इंजिनियर त्या उजाड तळावर एकटा आहे, दिवा लागत नाही, आणि तो एकेक तार तपासत चालला आहे. मी दोन पानं गाळून पुढे जायला पाहिलं, तर त्यांनी ओळखलं. म्हणाल्या, "सगळं वाचा, भाऊ. हे खरं लिहिलं आहे. बिघाड सापडायला वेळ लागतेच. ज्यानं अंधारात फोन केला असते त्याला ते समजत नाही." इतकं समंजस परीक्षण मी त्या पुस्तकावर दुसरं ऐकलं नाही.

एके दिवशी मी पुतणीला सहज विचारलं, काकूंनी इतक्या लोकांना विचारलं, पण हे चित्रपट त्या पहिल्यांदा कोणाबरोबर पाहायच्या. तिनं आत पाहून घेतलं आणि हळू आवाजात बेबी बुआचं नाव सांगितलं. बेबी म्हणजे काकूंची धाकटी नणंद, वय वर्षं एकसष्ट. लग्नानंतर सहाच वर्षांत नवरा गेला तेव्हा ती लहान मुलाला घेऊन भावाकडे, याच घरात आली आणि बावीस वर्षं राहिली. काकूंचे यजमान गेल्यावर घरात या दोघीच मुख्य. प्रत्येक अंतराळपट दोघींनी मिळून पाहिला, एकाच रिक्षानं जाऊन, परत येताना भांडत. मग बेबीच्या मुलानं शहरातच विजयनगरला फ्लॅट घेतला. तिसरा भाग पाहिला तो रविवार होता आणि गुरुवारी सामान हलायचं होतं. परतीच्या वाटेवर बेबी म्हणाली की कॅप्टननं योग्य केलं, त्याला चाळीस माणसं पाहायची होती. काकू म्हणाल्या, मागे राहणाऱ्याला कोणी विचारलं का. गढा येईपर्यंत दोघी कडाडून भांडल्या, रिक्षावाल्याला वाटलं खरंच कोणी मेलं. "उसके बाद बात ही नहीं हुई," पुतणी म्हणाली. चार वर्षं झाली. मोहल्ल्यात सगळे हसत, एका सिनेमापायी दोन म्हाताऱ्या बोलत नाहीत म्हणून. मीही हसलो असतो, पण पुतणी हसत नव्हती.

त्यानंतर काही दिवसांनी ते प्रकरण आलं. इंजिनियरला शोधून काढतात, त्याला विचारतात, तुझ्या कॅप्टननं तुला सोडलं कसं. तो म्हणतो की कॅप्टननं सोडलं नाही, दार त्यानं पुष्कळ वाजवलं, मीच आतून कडी लावली होती. दार उघडं राहिलं असतं तर तो मला न्यायला आत आला असता आणि सगळेच राहिले असते. मूळ इंग्रजीत कडी नव्हती, काहीतरी यांत्रिक कुलूप होतं, पण देवडीच्या पुढे माझ्या तोंडून कडीच गेली. भैया म्हणाले, ये अच्छा मोड़ दिया. पुतणीनं नाक मुरडलं. काकूंचं मत आलंच नाही. त्यांनी चहाचे कप गोळा केले आणि आत गेल्या. मत न देता काकू उठल्या असं मी त्या घरात प्रथमच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळी त्या वर आल्या, दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बेबीचं सामान न्यायला ट्रक आला त्या दिवशी मी स्वयंपाकघरात कडी लावून बसले होते. ती दार वाजवून राहिली होती. मी नाही उघडलं." त्यांनी माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. पुस्तक पिशवीत होतंच. मला म्हणाल्या, बेबीचं मत घ्यायचं राहिलं आहे, चलो, इंग्रजी वाचायला कोणीतरी लागेल.

आम्ही ऑटोनं निघालो. विजयनगरच्या त्या फ्लॅटचं दार बेबीताईंनीच उघडलं. ठेंगणी, चष्मेवाली, हातात कोथिंबिरीची जुडी. काकूंनी कशी आहेस वगैरे काही विचारलं नाही. त्या म्हणाल्या, "इंजिनियर जिवंत आहे."

"माहीत आहे," बेबीताई म्हणाल्या. "सूनबाईनं वाचून दाखवलं. महिना झाला."

"मग? कसं वाटलं?"

"नाही आवडलं."

"काहून?"

बेबीताईंनी बाजूला होऊन आम्हांला आत घेतलं, खुर्च्यांवरची वर्तमानपत्रं उचलली, पाणी आणलं. काकूंनी पेला हातात धरला आणि पाणी न पिता म्हणाल्या, "कडी मीच लावली होती, बेबी."

"मला तेव्हाच माहीत होतं, वहिनी. आतून भांड्यांचा आवाज येत होता. ट्रकवाला हॉर्न वाजवून राहिला होता तरी मी उभी होते." त्या कोथिंबीर निवडायला बसल्या. मग म्हणाल्या, "त्या पुस्तकात इंजिनियर एकटा कसा राहिला ते शंभर पानं लिहिलं आहे. यान घेऊन गेल्यावर कॅप्टनला कसं वाटलं, त्याची दोन पानं नाहीत. म्हणून नाही आवडलं."

काकू पाणी प्यायल्या. पदरानं तोंड पुसलं, जरा जास्त वेळ पुसलं. मग त्या सरसावून बसल्या आणि म्हणाल्या की दोन पानं आहेत, सहाव्या प्रकरणात, सूनबाईनं गाळली असतील. बेबीताई म्हणाल्या, ती दोन पानं म्हणजे काही नाहीच, नुसतं खिडकीतून बाहेर पाहून राहिला आहे. काकू म्हणाल्या, पुरुषमाणूस आणखी काय करेल. सूनबाई आतून येऊन दारात उभी होती. ती एकदा सासूकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होती. मी पुस्तक उघडून सहावं प्रकरण काढून ठेवलं, पण मला कोणी वाचायला सांगितलं नाही. तासाभरानं कधीतरी मला चहा आला, पुस्तक तिथंच ठेवून जा असं सांगण्यात आलं, आणि काकूंनी पुतणीसाठी निरोप दिला की चार कपडे पाठवून दे.

त्या तिथं पंधरा दिवस राहिल्या. परत आल्या तेव्हा बेबीताई बरोबर होत्या. पुढे दोघींचं असंच जाणं-येणं सुरू झालं. काकूंची कादंबरी विजयनगरला सूनबाईच्या तोंडून संपली होती. माझी राहिली आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही आणि मीही सांगितलं नाही. ओट्यावर आता दोघी बसत आणि त्या पुस्तकावर बोलत. एक म्हणे असं पुस्तक झालं नाही, दुसरी म्हणे झालं नसतं तर बरं होतं. भैया पहिल्या पक्षातून दुसऱ्यात आणि पुन्हा पहिल्यात जाऊन आले.

दीड वर्षानं माझी बदली नागपूरला झाली. तिथं एका दुकानात ती कादंबरी दिसली. मी ती विकत घेतली आणि उरलेली पानं एका बैठकीत वाचून काढली. मनातल्या मनात, मराठी न करता, भराभर. शेवट चांगला आहे. इंजिनियर आणि कॅप्टन भेटतात, फारसं बोलत नाहीत. मला तो आवडला आणि का आवडला त्याचं नीट कारणही माझ्याजवळ होतं. मी पुस्तक मिटलं. खोलीत ते कारण विचारणारं कोणी नव्हतं. मग उठून मी चहाला आधण ठेवलं.