भूक मारायचं इंजेक्शन

गुरुग्रामच्या एका खासगी प्रयोगशाळेत मी दोन वर्षं उंदरांची भूक मारायचं काम केलं. धावपळ झाली की शरीर एका अमिनो आम्लापासून स्वतःच एक पदार्थ बनवतं. तोच आम्ही लठ्ठ केलेल्या उंदरांना टोचायचो. मग खाद्य समोर असूनही ते तासन् तास तोंड लावत नसत. सकाळी उरलेलं खाद्य तोलायचं, उंदीर तोलायचे आणि आकडे लिहायचे, हे माझं काम.

पिंजरे साफ करायला एक मावशी होत्या. मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा फौजेत, राहायला छावणीत. दिवसभर हिंदी बोलून कंटाळा आला की आम्ही दोघी मराठीत बोलायचो. आपल्या डब्यातलं त्या मलाही द्यायच्या.

सतरा नंबरचा उंदीर सावरेना. औषध उतरलं की बाकीचे खायला लागायचे, हा मात्र कोपऱ्यात केस फुलवून बसायचा.

"मॅडम, याचं तेवढं थांबवा की," मावशी म्हणाल्या.

"मरेल तेव्हा मरेल. तोवर आकडे मिळतायत ना!"

पुढच्या आठवड्यात त्याचं वजन वाढलं. औषध फसतंय की काय, म्हणून सर वैतागले. मी पिंजऱ्यातला भुसा चाळला. त्यात शेंगदाण्याच्या लाडवाचा चुरा होता. आदल्याच दिवशी मावशींच्या डब्यातला तसाच एक लाडू मी खाल्ला होता.

मी सरांना मावशींचं नाव सांगितलं. खरं तर त्यांनी विचारलंही नव्हतं.

दुपारीच मावशींना काढून टाकलं. डब्याची पिशवी घेऊन त्या माझ्यापाशी आल्या. "मॅडम, तुम्ही सांगितलंत का?"

"छे हो, मावशी. कॅमेऱ्यात दिसलं असेल."

त्यांना ते पटलं. माझ्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

सतरा नंबर प्रयोगातून बाद झाला. बाद झालेला उंदीर ठेवत नाहीत. "मी करते," असं मीच पुढे होऊन म्हणाले. हातात घेतला तर काही खायला मिळेल म्हणून तो माझी बोटं हुंगू लागला. मी मानेमागे दाबून शेपूट ओढली. मान मोडल्याचा बारीकसा आवाज झाला. तक्त्यात त्याच्यापुढे रेघ मारली, हात धुतले आणि कॅन्टीनमध्ये जाऊन पोटभर छोले भटुरे खाल्ले.

रविवारी मावशींचा फोन आला. दुसरीकडे कुठे काम असेल तर सांगा, म्हणाल्या. "बिल्कुल, बघते ना," म्हणून मी फोन ठेवला आणि त्यांचा नंबर ब्लॉक केला.