माकडहाडाची तपश्चर्या

बसलं की माकडहाडात कळ यायची, उभं राहिलं की बरं वाटायचं. कोणालाही डॉक्टरकडे जायची बुद्धी झाली असती. पण तेव्हाची मी म्हणजे मोठी तपस्विनी! नरपड गावच्या घरात पोथी वाचायला मुद्दाम उघड्या फरशीवर बसायचे. सूनबाईने उशी सरकवली की म्हणायचे, "देवी परीक्षा बघतेय, तू मध्ये कॉपी पुरवू नकोस." ती हात जोडायची; देवीला नव्हे, मला. अशी दोन-तीन वर्षं गेली. दुखणं इतकं हळू वाढलं, की मला ती साधनेतली प्रगतीच वाटली.

चैत्रात महालक्ष्मीच्या दर्शनाला गेलो. गड चढवेना, म्हणून पायथ्याच्या देवळातच अंग एका बाजूला कलवून बसले. शेजारी उभी असलेली एक गुजराती बाई मला न्याहाळत होती.

"बेन, एका अंगावर केम बसता? खालच्या हाडाला दुखते?"

म्हटलं, परीक्षा चालू आहे. ती हसली. "गरोदर बाईला गड चढवेना, तर ही आई स्वतः खाली उतरली. ती तुमची परीक्षा कशाला घेईल? मलापण असंच होत होतं, हाडात गाठ निघाली. उद्याच एमआरआय काढा."

प्रसादाचा नारळ माझ्या हातात ठेवून ती गर्दीत मिसळली. नाव विचारायचंही राहिलं.

गाठ निघालीच. तुकडा तपासून मुंबईच्या डॉक्टरांनी समजावलं, हा हाडाचा कॅन्सर, क्वचितच कोणाला होणारा. "आजी, हा सावकाश वाढतो, पण थांबत नाही. अजून पसरलेला नाही, हे नशीब. नुसत्या औषधाने जायचा नाही. भोवतालच्या हाडासकट अख्खा काढावा लागेल."

घाबरले. इतकी पारायणं केलेली, पण एक ओळ आठवेना. एवढंच म्हणाले, "आई, आता तूच बघ."

ऑपरेशन झालं, गाठ अख्खी निघाली. तपासण्या चालू आहेत, पायाला थोडी बधिरता आहे, असू दे. इतका दुर्मीळ आजार झालेली बाई नेमकी माझ्याच शेजारी का उभी राहिली, याचं कोडं मी सोडवत बसत नाही. तसंही फार वेळ बसवत नाही.

ऑपरेशननंतर पाठीवर निजायला बंदी होती. पालथी पडलेले, हात पुढे पसरलेले, कपाळ उशीत. सूनबाई म्हणाली, "आई, गुडघ्यांचं निमित्त करून साष्टांग टाळायचात ना? झाला की!"

टाके ताणले जाईपर्यंत हसले. हसता हसता खरोखरच नमस्कार घडला. आयुष्यातला पहिला, ज्यात मी स्वतः काहीच केलं नव्हतं.